लाओ शियांगचा दिव्य कान

"या जगात मला आता काहीही नको."

लाओ शियांगनी हे वाक्य बागेतल्या चहाघरात, बांबूच्या खुर्चीत मांडी घालून आणि पाठ ताठ करून उच्चारलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या दातांत सूर्यफुलाचं बी तसंच राहिलं. वाक्य हवेत नीट मुरावं म्हणून लाओ शियांगनी थोडा वेळ डोळे मिटून ठेवले. मग एक उघडला.

"फक्त ही खुर्ची कुणी हलवू नका. ऊन नेमकं इथेच येतं. आणि माझ्या कपात पाणी घाला. मघाचं कोमट होतं."

चेंगडूच्या हिवाळ्यात ऊन ही काही रोजची चीज नाही. ते पडलं की अख्खं शहर कामधंदा टाकून चहाघरात येतं. थर्मासची बुचं उडतात, माहजोंगच्या डावात सोंगट्या कडाडतात, कान कोरणारे आपले चिमटे टिंग टिंग वाजवत गिऱ्हाइकं शोधतात, आणि उन्हातल्या खुर्चीसाठी सख्खे भाऊ एकमेकांना ओळख देत नाहीत. लाओ शियांगना मात्र ऊन कुठे पडणार ते आधी कळे, असा त्यांचा दावा होता, कारण त्यांची सगळी नोकरी हवामान खात्यात झाली होती. खात्यात असताना त्यांचे अंदाज बरेचदा चुकले. त्याचा दोष ते आकाशाला देत, आणि आकाशाने कधी उलट उत्तर दिलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी बाहेरच्या आकाशाचा नाद सोडला आणि आतल्या आकाशाचा अभ्यास धरला.

अभ्यास म्हणजे खराखुरा अभ्यास. गुरूबिरूची भानगड नाही. "गुरू केला की सणावाराला त्याच्याकडे फळं घेऊन जाणं आलं, तो खोकला की काळजी करणं आलं. पुस्तक खोकत नाही," असं ते म्हणत. घराच्या मागची बाल्कनी बंद करून त्यांनी ध्यानाची खोली केली होती. तिच्यात एक उशी आणि भिंतीवर दोन फळ्या. उजव्या फळीवर बुद्धाची पुस्तकं, डाव्या फळीवर ताओवाल्यांची. उजवी फळी सांगे, श्वास नुसता बघ. काही जाणवलं तर धरू नकोस, जाऊ दे. डावी फळी सांगे, बेंबीखाली ऊब जाणवली की तिला अजिबात सोडू नकोस. कोंबडी अंडं उबवते तशी उबव, मग ती पाठीच्या कण्यातून वर चढेल, डोक्यावरून पुढे उतरेल आणि चक्र पूर्ण होईल. दुसरा एखादा माणूस गोंधळला असता. लाओ शियांगनी वेळापत्रक केलं. सकाळी बुद्ध, कारण पोट रिकामं असतं. दुपारी ताओ, कारण पोटात ऊब यायची तर आधी पोटात काहीतरी हवं.

अडचण एकच होती. इतकी वर्षं बसून त्यांना काहीही झालं नव्हतं. ना उजेड, ना ऊब, ना चक्र. पायाला मुंग्या येत. सुरुवातीला त्यांनी तीच सिद्धी मानून पाहिली, पण जरा चाललं की ती जाई. आता वय एकाहत्तर झालं होतं आणि मांडी घालताना गुडघे सुक्या बांबूसारखे वाजत. कुणाजवळ बोलले नाहीत, पण एक भीती त्यांच्या मनात घर करून होती: आपण एवढी वर्षं ध्यान केलंच नाही, नुसतेच बसलो होतो, असं निघालं तर?

गुईझेनबाईंचं नेमकं हेच मत होतं.

गुईझेनबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. बायकोच्या शब्दाबाहेर न जाणाऱ्या नवऱ्याला चेंगडूत मऊ कानाचा म्हणतात. ही शिवी नव्हे, वैवाहिक स्थिती आहे. लाओ शियांगचे कान तर लोण्याइतके मऊ होते, पण अलीकडे ते ऐकेनासे झाले होते. बाई स्वयंपाकघरातून ओरडत, "म्हाताऱ्या, मीठ आण!" आणि लाओ शियांग ढिम्म. मग बाई समोर येऊन उभ्या राहिल्या की ते शांतपणे म्हणत, "मी आवाजापासून अलिप्त होत चाललोय."

"मग मिठापासूनही हो," बाई म्हणत आणि त्या दिवशी तशीच भाजी वाढत.

त्यातच जावयाने सासूबाईंना वाढदिवसाला एक माहजोंगचं टेबल दिलं. आपोआप सोंगट्या पिसून देणारं. ठेवायला जागा नाही म्हणून ते खोक्यासकट पॅसेजमध्ये उभं होतं, आणि बाईंना रोज त्याच्या बाजूने अंग चोरून जावं लागे. एक दिवस त्या मोजायची टेप घेऊन ध्यानाच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. काहीतरी बोलल्याही. लाओ शियांगना वाटलं, पडद्याचं विचारतेय.

"निळा चालेल," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

बाईंनी टेप गुंडाळली. संध्याकाळी त्यांनी फर्मान काढलं, या खेपेस कानाशी तोंड नेऊन.

"सगळ्यात लहान दिवसापर्यंत मुदत. त्या दिवशी घरोघरी मटणाचं सूप होतं, ते पिऊन झालं की मला सांगायचं, एवढी वर्षं बसून तुला मिळालं काय. काही मिळालं असेल तर बस बापडा मरेपर्यंत. नसेल तर उशी बाहेर आणि टेबल आत."

"अनुभव असा तारीख सांगून येत नाही, गुईझेन."

"पाऊस यायचा का तारीख सांगून? तरी जन्मभर पगार घेतलासच ना?"

लाओ शियांगनी डाव्या फळीचा सल्ला घेतला. तिथे लिहिलं होतं की वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीच काळोखाच्या पोटात उजेडाचं पहिलं बी हलतं, आणि साधकाच्याही. म्हणजे मुदत शास्त्राला धरून होती. ते कबूल झाले. पंच म्हणून थेंग वानशान यांना नेमलं.

थेंग हे हवामान खात्यातले त्यांचे जुने सोबती. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे आणि एकमेकांचं पटतही नसे. थेंग एका हिवाळ्यात खऱ्या मठात साधनेला बसून आले होते. तिथे पेंगणाऱ्याच्या खांद्यावर लाकडी पट्टीने फटका देतात. थेंगना इतके बसले होते की ते त्याला दीक्षा म्हणत.

"पुस्तकं वाचून ध्यान? मिरचीचं वर्णन वाचून कधी ठसका लागलाय का रे कुणाला?"

"आणि फटके खाऊन ज्ञान मिळत असतं, थेंग, तर एव्हाना सगळी गाढवं बुद्ध झाली असती."

अशा चर्चेत दिवस सरले आणि मुदतीचा आदला दिवस उजाडला. घरी बाईंच्या मैत्रिणींचा डाव बसला होता म्हणून लाओ शियांग चहाघरात आले, सुरुवातीला सांगितलेलं ते वाक्य बोलले, आणि गरम पाणी घेऊन तयारीला लागले.

चहाघरात एक रीत आहे. कपाच्या झाकणावर झाडाचं पान नाहीतर शेंगदाणा ठेवला की त्याचा अर्थ, मालक जरा बाहेर गेलाय, परत येणार आहे, कप उचलू नका. लाओ शियांगनी खाली पडलेलं एक पिवळं पान उचललं, मोगऱ्याच्या चहाच्या झाकणावर ठेवलं, आणि खुर्चीत बसूनच बाहेर गेले.

दुपार होती, म्हणजे ताओची पाळी. त्यांनी लक्ष बेंबीखाली नेलं. तिथे सकाळच्या तिखट नूडल्सखेरीज विशेष काही नव्हतं. हळूहळू गलका विरळ झाला, हनुवटी छातीकडे आली, आणि ज्याला लाओ शियांग सूक्ष्म अवस्था म्हणत आणि थेंग घोरणं म्हणत, त्या प्रांतात ते शिरले.

आणि तेव्हा ते झालं.

आधी एक नाद आला. टिंगऽऽ. फार लांबून, की फार आतून, सांगता आलं नसतं. त्यापाठोपाठ उजव्या कानाशी काहीतरी हललं, पिसासारखं हलकं. डाव्या फळीवरचं सगळं वाचन खडबडून जागं झालं. कण्यावर तीन दारं असतात, त्यांतलं तिसरं कवटीच्या मागे, सगळ्यांत अवघड. ऊब तिथे येऊन ठोठावते. आता, इथे ती कानाकडून आली होती आणि खालून वर चढायच्या ऐवजी वरून खाली निघाली होती. पण पाहुणा मागच्या दाराने आला म्हणून त्याला कुणी परत पाठवत नाही. शिरशिरी मानेतून पाठीत उतरली, पाठीतून गुडघ्यांत. ते कुरकुरे गुडघे लोण्याचे झाले. मोज्यांतली बोटं आपोआप उघडली, मिटली. उजवी फळी म्हणाली, धरू नकोस. डावी म्हणाली, सोडू नकोस. लाओ शियांगनी दोघींना गप्प केलं. त्यांच्या तोंडून फक्त "आऽऽ" निघालं.

मग एक गडगडाट झाला. गुहेच्या तोंडावरची शिळा कुणी बाजूला सारावी तसा. आणि अख्खं जग आत आलं! सोंगटीन् सोंगटी वेगळी वाजत होती. दोन टेबलांपलीकडची म्हातारी सुनेबद्दल जे सांगत होती ते शब्दन् शब्द ऐकू येत होतं, आणि ते ऐकण्यासारखंही होतं. झाडावरून पान पडलं, तेही ऐकू आलं.

त्या लोंढ्यात लाओ शियांग डाव्या अंगाला कलंडले, भिंतीला टेकले आणि तसेच बराच वेळ राहिले. डोळे उघडले तेव्हा खुर्चीजवळ कुणी नव्हतं. झाकणावर पान जागच्या जागी होतं.

उजव्या फळीवरच्या सूत्रांत स्वच्छ लिहिलेलं आहे: ध्यान पक्कं झालं की साधकाला दिव्य कान लाभतो, जवळचं, लांबचं, माणसांचं, देवांचं सगळं त्याला ऐकू येतं. डाव्या फळीचं चक्र आणि उजव्या फळीचा कान, दोन्ही एकाच दुपारी. इतकी वर्षं न बोलणाऱ्या या दोन्ही फळ्या अखेर एका माणसाच्या डोक्यात एकत्र आल्या होत्या. डोकं आपलं होतं, याचा लाओ शियांगना विनय वाटला. त्यांनी झाकणावरचं पान उचललं.

"आलो परत," ते म्हणाले.

थेंग आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नाक मुरडलं. "सिद्ध कर. मी त्या बांबूच्या बेटामागे जाऊन बोलतो. काय बोललो ते सांग."

ते गेले, आले.

"तू म्हणालास, म्हाताऱ्याला वेड लागलंय, याच्या बायकोला फोन करायला हवा."

थेंगच्या तोंडचं पाणी पळालं. "मी हे ओठांतल्या ओठांत म्हटलं होतं, लाओ शियांग."

"माझ्या उजव्या कानाला ओठांची गरज राहिलेली नाही."

"फक्त उजव्याच?"

"उजवीकडे बुद्ध," लाओ शियांग म्हणाले. हे त्यांनाही तेव्हाच सुचलं.

थेंग खुर्ची ओढून जवळ आले. आवाज खाली आला. "ऐक. मठात एवढे फटके खाल्ले. माझ्या कानांत नुसतं घूं घूं होतं. तू कसं केलंस? मला शिकवशील?"

घरी गेले तेव्हा बाई कढईशी होत्या. पाठमोऱ्याच, अगदी हळू म्हणाल्या, "आलं संपलंय." लाओ शियांग तसेच वळले आणि आलं घेऊन आले. बाईंनी एकदा आल्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"ऐकू आलं?"

"आता सगळंच ऐकू येणार, गुईझेन. उद्या बोलू."

बाई पुन्हा कढईकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. भारावून गेली बिचारी, लाओ शियांगना वाटलं.

दुसऱ्या दिवशी मटणाचं सूप पिऊन, कपाळावर घाम घेऊनच सगळे चहाघरात जमले. बातमी फुटली होती. बाईंच्या माहजोंगच्या मैत्रिणी बिया घेऊन आल्या होत्या. थेंगनी आपली उन्हातली खुर्ची लाओ शियांगना दिली आणि स्वतः डावीकडे सावलीत बसले, जे चेंगडूच्या इतिहासात क्वचितच घडलं असेल.

"पंच म्हणून विचारतो," थेंग उभे राहून म्हणाले. "एवढी वर्षं ध्यान करून काय मिळालं, ते आता सर्वांसमोर सांगा. गुरुजी, बोला."

गुरुजी. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्यासाठी हा शब्द वापरला होता. लाओ शियांगनी तो खडीसाखरेसारखा तोंडात धरून ठेवला. घसा साफ केला. तेवढ्यात उजवीकडून कुणीतरी वाकलं. कपाळाला दिवा बांधलेले, हातात चिमटे आणि पिसं घेतलेले छिन शिफू. ते याच चहाघरात कान कोरत, आणि त्या कामातले उस्ताद म्हणून सगळे त्यांना शिफू म्हणत.

"शियांग दाये," ते वडीलधाऱ्याशी बोलावं तसं अदबीने कुजबुजले, "आज डावा करून टाकू का? बाईंनी काल दोन्ही सांगितले होते. पण उजवा झाला आणि तुम्ही जे डावीकडे कलंडलात ते भिंतीलाच चिकटलात. जबरदस्ती कशी करणार?"

"उजवा काय झाला?" लाओ शियांगनी ओठ न हलवता विचारलं.

"कान, दाये, कान! अहो, काय निघालं आतून! आमच्या वडिलांनीही असा खडा काढला नसेल. कागदात बांधून ठेवलाय. गिऱ्हाइकांना दाखवतोय सकाळपासून, तुमचं नाव न सांगता."

"मला न विचारता?"

"तुम्हाला कसं विचारणार? झाकणावर पान होतं. तुम्ही नव्हता. बाई आल्या होत्या तुम्हाला बोलवायला, हाका मारून दमल्या, त्यांना विचारलं."

लाओ शियांगचा अंदाज चुकला होता. नवीन काही नव्हतं. पण या खेपेला दोष द्यायला आकाश नव्हतं.

बाकी कुणाला काही ऐकू गेलेलं नव्हतं. थेंग डावीकडे, तेही घूं घूं सांभाळत. खोली वाचवायची तर खोटंसुद्धा बोलायला नको, नुसतं गूढ हसून गप्प राहिलं की पुरे. गप्प राहण्याला डाव्या फळीचा पूर्ण पाठिंबा होता. उजव्या फळीवर मात्र एक पान होतं, लोकांची चुकीची समजूत तशीच राहू देणं हेही खोटंच, अशा अर्थाचं. ते पान लाओ शियांगनी पूर्वी जरा घाईत उलटलं होतं. आता ते आपणहून परत उलटून आलं.

त्यांनी गुईझेनबाईंकडे पाहिलं. बाई बी सोलत होत्या आणि त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्या बोलणार नव्हत्या. ओरडल्या असत्या तर किती सोपं गेलं असतं!

"गुरुजी?" थेंग म्हणाले.

लाओ शियांगनी खडीसाखर थुंकून टाकली.

"खोली तुझी, गुईझेन."

"काय झालं?" थेंग ओरडले.

"मला काहीही मिळालेलं नाही. माझ्या उजव्या कानात मळ होता. तो छिन शिफूंनी काढला. एवढ्या वर्षांत ध्यानात घडलेली ही एकच गोष्ट, आणि तीही दुसऱ्याने केली."

मग जे हसणं उसळलं त्यात थर्मास लवंडले. छिन शिफूंनी कागद उघडला आणि तो टेबलांवरून फिरला. बायकांनी नाकाला पदर नव्हते म्हणून स्कार्फ लावले, पण बघितलं सगळ्यांनी. थेंग मात्र हसेनात.

"मग सकाळी मी मोरीत बसून देवांचे आवाज ऐकले, ते?"

"वरच्या मजल्यावरचा नळ असेल," लाओ शियांग म्हणाले. "माझ्या मते. अंदाज आहे."

हशा ओसरल्यावर बाईंनी सालं झटकली. "टेबल त्या खोलीत जात नाही," त्या म्हणाल्या.

लाओ शियांगना स्वच्छ ऐकू आलं होतं, तरी त्यांनी विचारलं, "काय?"

"दार अरुंद आहे. तुझ्यासमोर मोजलं. तुला म्हटलंही, बोटभर कमी पडतंय रे, आता हे टेबल कुठे ठेवायचं? तू म्हणालास, निळा चालेल."

"मग ही मुदत? हा पंच?"

"निळा चालेल म्हणालास ना, तेव्हाच ठरवलं. रोज डोळे मिटून जग सोडतोस. जगाला काय, त्याला कुठे पत्ता लागतो! म्हटलं, माझ्यासाठी उशीभर जागा सोडतोस का बघू." त्यांनी लाओ शियांगच्या बाहीवरचं बियाचं साल काढलं. "सोडलीस. आता बस तिथेच. पण दार उघडं ठेवून. हाक मारली की ओ आली पाहिजे."

"आणि टेबल?"

"थेंगकडे मोठी खोली आहे," बाई म्हणाल्या. थेंगना कुणी विचारलं नाही. पंचाला मत नसतं.

लोक पांगले, सोंगट्या पुन्हा कडाडू लागल्या. लाओ शियांगनी खुर्चीत पाय वर घेतले. झाकणावर पान ठेवायचं त्यांना सुचलंही नाही. ऊन चांगलं होतं. खोली सोडली होती, तरी होती. गुरुजी कुणी नव्हतं. बेंबीखाली मटणाचं सूप होतं आणि ते सूपच होतं. श्वास आत जात होता, बाहेर येत होता, आणि कुठलीच फळी त्याच्यावर काही बोलत नव्हती. लाओ शियांग नुसतेच बसले होते. आणि या खेपेला त्यांना अगदी आतून, खरोखरच वाटलं की या जगात आपल्याला आता काहीही नको. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

टिंगऽऽ.

लाओ शियांगनी डोळे न उघडता मान उजवीकडे कलती केली.

"छिन शिफू," ते म्हणाले, "तेवढा डावा राहिलाय बघा."